मत मराठीत, अर्ज हिंदीत

आम्ही दोघे भाऊ याच शाळेचे जुने विद्यार्थी. निवडणूक आली की आमच्या गल्लीत प्रचाराची जीप शिरायची. भोंग्यावरच्या घोषणा हिंदीत, पण उमेदवार ओसरीवर टेकला की, "काय काकाजी, तब्येत कशी हाय?" आमची आजी चहा ठेवता ठेवता म्हणायची, "मत मांगाले येते तवा मराठी, मंग पाच वर्स हिंदी."

आजीचे बोलणे थोडे अन्यायाचे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

विद्यार्थी मित्रांनो, १९५६ पूर्वी आपल्या भागाचे आमदार नागपूरला बसत. आज महाराष्ट्राचे हिवाळी अधिवेशन भरते तेच विधानभवन. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली. पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूर शंभरेक किलोमीटर, भोपाळ त्याच्या जवळजवळ तिप्पट. आजी म्हणायची, आपण हाललोच नाही, सरकारच उठून गेले.

आता मध्य प्रदेश विधानसभेत २३० जागा आहेत. त्यांपैकी आपल्या दोन, सौसर आणि पांढुर्णा. २०२३ च्या निवडणुकीत सौसरहून विजय चौरे आणि पांढुर्ण्याहून निलेश उइके निवडून आले, दोघेही दुसऱ्यांदा. त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. आता कलेक्टरांकडच्या कामासाठी छिंदवाड्याची दिवसभराची खेप पडत नाही.

पण सभागृहात मराठी का नाही? संविधानाचा अनुच्छेद २१० असे सांगतो की, ज्या सदस्याला हिंदी, इंग्रजी किंवा राज्याच्या राजभाषेत आपले म्हणणे नीट मांडता येत नसेल, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. इथेच गंमत आहे. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला हिंदी चांगलीच येते, त्यामुळे ही सवलत मागायला कारणच उरत नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्याहून मोठे गाऱ्हाणे गोंडी बोलणाऱ्या घरांचे आहे. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेपासून पांढुर्णा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, पण गोंडी अजून आठव्या अनुसूचीतही नाही. मराठी निदान तिथे तरी आहे.

आमचे बाबा मात्र हे सगळे न वाचताच एकदा अडून बसले. संत्र्याच्या बगिच्यातल्या विहिरीवर वीज हवी होती. त्यांनी स्वच्छ अक्षरात मराठी अर्ज लिहिला आणि एका कार्यालयात दिला. "हिंदी में लिखकर लाइए," म्हणून तो परत आला. बाबा तीन आठवडे घुमे होते. बगिचा सुकत होता. शेवटी आम्हीच हिंदीत अर्ज लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "सही मराठीतच केली हो." लिपी एकच, ओळखणार कोण?

वीज मिळाली. अनुच्छेद ३५० आम्ही वाचला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे बाबांचा पहिला अर्ज चालायला हवा होता. आम्ही घरात भांडून हिंदीत लिहिला, तेव्हा हे आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, याची लाज अजून वाटते.

तो परत आलेला कागद बाबांच्या पेटीत होता. यंदा बगिच्याकडे जाणाऱ्या रपट्याचे निवेदन आमदारांना द्यायचे आहे. धाकट्याच्या मुलीने, जी याच शाळेत आठवीत आहे, बाबांचा कागद समोर ठेवून मायना उतरवून घेतला. मराठीतच. खाली एका ओळीत तिने अनुच्छेदाचा क्रमांकही घातला आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत, त्या बाईंनी तपासून द्याव्यात.