पेडलवरचे पाऊल

निवृत्तीनंतर सायकलकडे पुन्हा वळलेली माणसे आता पहाटेच्या रस्त्यांवर पुष्कळ दिसतात. आपण त्यांपैकी एक असाल, किंवा आपल्या घरातील वडीलधारे रोज सायकल काढत असतील, तर सीटची उंची, टायरमधील हवा आणि हेल्मेट यांची चौकशी आपण करीत असालच. पाऊल पेडलवर नेमके कोठे व कसे टेकते, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. मला ते पाहायला माझ्या गुडघ्याने लावले.

वयाच्या 63व्या वर्षी मी क्लीट असलेले बूट घेतले. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाशी स्क्रूने बसवलेला धातूचा किंवा प्लास्टिकचा छोटा तुकडा. तो पेडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. दुकानातील कारागिराने दोन्ही क्लीट पट्टीने आखल्यासारख्या सरळ बसवून दिल्या. दोन महिन्यांत उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागली. जिना उतरताना कठडा धरावा लागे. ‘आता सायकल पुरे झाली’, असे घरात सर्वांचे मत पडले. पत्नीच्या निधनानंतर माझ्या दिवसाला आकार होता तो त्या पहाटेच्या फेरीमुळे, म्हणून ते मत स्वीकारणे मला जड गेले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला उंच टेबलावर बसवून पाय मोकळे लोंबकळत सोडायला सांगितले. माझा डावा चवडा जवळजवळ सरळ होता, उजवा मात्र स्पष्टपणे बाहेर वळलेला. ही माझ्या देहाची जन्मजात ठेवण. बुटाने तो पाय सरळ जखडला होता. कंबर सीटवर स्थिर, पाऊल पेडलवर बांधलेले. मग पायाला पडणारा पीळ मधल्या गुडघ्याने सोसायचा. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा दुमडतो, पीळ त्याला फारसा मानवत नाही. मिनिटाला 70 फेरे धरले, तर तासाभरात तो 4,200 वेळा दुमडतो. एरवी नगण्य वाटणारा कोन इतक्या वेळा भोगला की दुखणे होऊन बसतो.

क्लीट थोडी वळवून चवडा त्याच्या मूळ दिशेला ठेवला, काही दिवस विश्रांती घेतली, सांगितलेले व्यायाम केले, आणि हळूहळू जिना पुन्हा पूर्वीसारखा उतरता येऊ लागला.

आपल्याही उपयोगी पडतील अशा आणखी काही गोष्टी तेव्हा उमगल्या. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी जे उंचवटे हाताला लागतात, त्यांच्या दरम्यान पेडलचा आस यावा, ही सर्वसाधारण रीत. क्लीट त्याहून पुढे, बोटांखाली गेली तर पोटरी आणि टाचेमागची कंडरा यांवर ताण वाढतो, बोटांना मुंग्या येतात. उतारवयात ती किंचित मागे असलेली बरी. पोटरीला कमी राबावे लागते. क्लीट मागे घेतल्यावर सीटही अगदी थोडी खाली घ्यावी लागते. शिवाय वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागत नाही ना, हे पाहावे. काही क्लीट पावलाला थोडे हलू देतात. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये पिवळी 6 अंश, निळी 2 अंश मोकळीक देते. लाल अजिबात देत नाही. जुन्या गुडघ्यांना पिवळी मानवते.

परंतु ही सामग्री मुळात शर्यतींतून पुढे आली. 1985 साली बर्नार इनोने अशा पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली, त्यानंतर तिचा प्रसार झाला. ती प्रत्येकाला हवीच असे नाही. माझे थोरले बंधू 76 वर्षांचे. त्यांना मधुमेह आहे आणि तळपायांची संवेदना मंदावली आहे. माझे बूट पाहून त्यांनाही तसेच हवे झाले. मी म्हटले, “दादा, सिग्नलला पाय वेळेवर सुटला नाही तर माणूस कुशीवर पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण सुटत नाही.” त्यांना ते रुचले नाही, चार दिवस अबोला होता. आता ते रुंद, सपाट, खरखरीत पेडल वापरतात आणि चवडा तसाच नेमका टेकवतात. फेरी संपली की सूनबाई त्यांच्या तळपायांवर लाली वा फोड नाही ना, ते पाहते. घरातल्या व्यायामाच्या सायकलीलाही हाच नियम लागू; तिचा पट्टा आवळून पाऊल बळेच सरळ करू नये.

क्लीट सैल करण्यापूर्वी तिच्याभोवती पेनाने रेघ ओढून ठेवा, म्हणजे मूळ जागा सापडेल. बदल एका वेळी दोन मिलिमीटरहून अधिक नको. त्यानंतर काही दिवस सपाट रस्त्यावर, जोर न लावता चालवून पाहा. घरच्यांनी समोर उभे राहून पाहावे: गुडघा सरळ वरखाली जातो, की आतबाहेर डोलतो? सूज असेल, रात्री ठणका लागत असेल किंवा चालताना गुडघा दगा देत असेल, तर स्क्रूला हात न लावता प्रथम डॉक्टरांकडे जावे.