हरणीची शाळा

महाभारताचा आरंभ मार खाल्लेल्या एका कुत्र्याने होतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसते. शेवटी युधिष्ठिरामागून चालणारे कुत्रे सर्वांना ठाऊक असते. परंतु आदिपर्वात, जनमेजयाच्या सत्रात, सरमेच्या पिल्लाला राजाचे बंधू अपराध नसताना मारतात आणि सरमा स्वतः येऊन जाब विचारते. पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नव्हते. तिला कोणी उत्तर देत नाही. न दिसणारे भय तुझ्यावर येईल, असा शाप राजाला देऊन ती निघून जाते. ही कथा मी तरुणपणी वाचली होती. तिचा अर्थ कळला तो साठी उलटल्यावर, धारवाडात, आमच्याच अंगणात.

आमची हरणी मुधोळी जातीची. लांब मुस्कट, खपाटीला गेलेले पोट, बाणासारखी धाव. महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखले जाणारे हे कुत्रे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जातीची निगा राखली. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले आणि २०१६ साली मेरठच्या लष्करी केंद्रात या जातीची कुत्री प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. एका मराठी घराण्याच्या गावचे जनावर आपल्या दारी असावे, हा माझा जुना हट्ट. सौंदत्ती, लोकापूर करीत मुधोळला जाऊन मी पिल्लू घेऊन आलो.

आठव्या महिन्यात हरणीने शेजारच्यांच्या दोन कोंबड्या मारल्या. मी भरपाई दिली आणि तिच्यासाठी शाळा शोधू लागलो. पस्तीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाने निविदा तपासावी तशीच मी ती तपासली. पावती मिळते का, मुदत किती, शेवटी प्रमाणपत्र देतात का? एका ठिकाणी महिनाभर ठेवून घेत, पूर्ण आज्ञाधारक करून देण्याची हमी देत. अट एकच होती. महिनाभर मालकाने भेटीला यायचे नाही, नाहीतर शिकवलेले विसरेल. ही अट मला शिस्तीची वाटली. सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, "जिथे आईबापांना दारातून आत घेत नाहीत, तिथे आपण नातवाला घातले असते का?" मी हसलो.

हरणी परतली ती खरोखर शहाणी होऊन. 'सिट' म्हणताच बसे, 'स्टे' म्हटले की हलत नसे. संध्याकाळी येणाऱ्या मित्रांपुढे मी तिचे प्रदर्शन मांडू लागलो. आठवड्याने पाऊस आला म्हणून मी खुंटीवरची छत्री काढली. हरणीने अंग जमिनीला चिकटवले, डोळे मिटले आणि तिला जागीच लघवी झाली. नातू रडू लागला. मी छत्री हातात धरून तसाच उभा राहिलो. महिनाभर तिला काय शिकवले गेले, ते त्या एका क्षणात मला दिसले. फी मी भरली होती, पावतीवर सही माझी होती.

पुढचे काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचले. १९१० साली कोनराड मोस्ट नावाच्या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने श्वानप्रशिक्षणाचे पुस्तक लिहिले. त्यात दाबाला आणि जबरदस्तीला मोठे स्थान होते, आणि ती पद्धत दीर्घकाळ जगभर चालली. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर या अमेरिकन बाईंनी १९८४ साली वेगळी वाट सामान्य वाचकांपर्यंत पोचवली. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, काठीही उगारता येत नाही. तेव्हा हवे ते केले की त्याच क्षणी शिट्टी आणि मासा, एवढाच उपाय उरतो. तो कुत्र्यालाही लागू पडतो. बक्षीस मात्र तत्क्षणी हवे. थोडा उशीर झाला तरी ते कशाबद्दल मिळाले हे जनावराला उमगत नाही. पिल्लाला माणसांची आणि जगाची ओळख होण्याचा उत्तम काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचा, हेही तेव्हाच वाचले. आमचा तो काळ केव्हाच सरला होता. असो.

दुसरी शाळा म्हणजे रविवारी सकाळी एका मैदानात भरणारा तासाभराचा वर्ग. शिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आधी लसीकरणाचा दाखला मागितला, मग हरणीला काय खायला आवडते ते विचारले, आणि दोरी माझ्याच हातात दिली. "सर, हिला मी शिकवणार नाही. तुम्हाला शिकवणार." मी सर्व हमींची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "बकरी पळाली की हिचे डोळेच कान होतात. त्या वेळी तुमची हाक हिला ऐकू जाणार नाही. उघड्या रानात दोरी सोडू नका." आपल्याला काय जमणार नाही हे आधी सांगणारा शिक्षक मला आयुष्यात फार थोड्या वेळा भेटला आहे.

पहिल्याच दिवशी आमची चूक सापडली. मी 'सिट' म्हणे, सौभाग्यवती 'बस', आणि कामाला येणारी बाई 'कुंद्रु'. धारवाडच्या मराठी घरात हे चालायचेच, आपण तिन्ही भाषा एका श्वासात बोलतो. पण हरणीला ते तीन निरनिराळे हुकूम वाटत. घरात बैठक घेऊन 'कुंद्रु' हा शब्द मंजूर झाला. 'सिट' ऐकले की तिची शेपटी अजूनही पोटाखाली जात असे, म्हणून तो शब्द घरातून हद्दपार झाला.

छत्रीला सात महिने लागले. आधी मिटलेली छत्री अंगणाच्या टोकाला ठेवायची आणि इकडे उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. रोज एक पाऊल जवळ. नातवाने त्याची वही ठेवली होती. कोणत्याही सरकारी दप्तरापेक्षा नेटकी.

परवा केळगेरी तलावाच्या काठी सर आली. मी छत्री उघडली. हरणी दोन पावले मागे सरली, थांबली, आणि माझ्या खिशाकडे पाहू लागली.