काटा आणि ताट

बारसं बाराव्या दिवशी होतं, वजन मात्र जन्मल्यावर तासाभरातच होतं. नावाआधी आकडा मिळतो. अडीच किलोच्या वर असला की घरात पेढे, खाली असला की डॉक्टरांच्या कपाळाला आठी. पुढे अंगणवाडीत झोळीच्या काट्याला मूल लटकवतात, ते भोकाड पसरतं, ताई तक्त्यावर ठिपका देतात आणि ठिपका वर सरकला की आईचा जीव भांड्यात पडतो. कॉलेजच्या वयात रेल्वे स्टेशनवरचं ते रंगीत दिव्यांचं यंत्र भेटायचं. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडे, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य, आणि लोक वाचायचे ते भविष्यच. चाळिशीच्या आसपास मात्र या काट्याचा अर्थ एकदम उलटतो. तोवर चढता आकडा शाबासकीचा होता, आता तो गुन्ह्याचा होतो. मला जे म्हणायचंय त्याची सुरुवात इथेच आहे: अर्थ उलटतो तो आपल्या मनात. शरीराला ही बातमी कुणी कळवत नाही. ते अजून अंगणवाडीच्याच नियमानं चालतं. वजन घटतंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हात राखून खर्च करा, मिळेल तिथून खा. आणि शरीराचं हे म्हणणं अगदीच वेड्यासारखं आहे असंही नाही. विरारमधला मनवेलपाडा ज्या पालघर जिल्ह्यात येतो त्याच जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडाही आहेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, ते काही इतिहासपूर्व काळात घडलेलं नाही.

या भुकेची आठवण आपल्या अंगात किती खोल गेलीय, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून दिसतं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ साली त्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं सगळीकडूनच लहान असतील अशी कुणाचीही समजूत होईल, पण मोजल्यावर निघालं वेगळंच: स्नायू कमी, चरबी मात्र जवळजवळ राखलेली. वरून हडकुळं, आतून चरबीचं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आपलं स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्रच छापलं. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. अशाच कारणांमुळे भारतीयांसाठी जाडीची रेघ २५ ऐवजी २३ वर आणली गेली. लोक यातून एवढंच उचलतात की आपल्याला लवकर बारीक व्हायला हवं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: स्नायूंची पुंजी आपल्याकडे मुळातच तोकडी आहे, तेव्हा वजन उतरवताना ती उधळणं आपल्याला परवडणारं नाही.

आता मनवेलपाड्यातली चाळिशीची एक बाई डोळ्यांसमोर आणू. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. सकाळी डबे भरायचे, शेअर रिक्षानं विरार स्टेशन, चर्चगेटपर्यंतचा साठ किलोमीटरचा प्रवास, त्यातला बराचसा उभ्यानं, आणि संध्याकाळी तेच उलट. १९९० साली प्रसिद्ध झालेलं आणि आजही आहारतज्ज्ञ वापरतात ते मिफलिन-सेंट जोर यांचं सूत्र लावलं, तर ही बाई दिवसभर नुसती पडून राहिली तरी तिच्या शरीराला सुमारे १,२६० कॅलरी लागतात. श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांचा तो खर्च. धावपळ धरली की आकडा अठराशेच्या घरात जातो. आणि मैत्रिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला डाएट चार्ट असतो हजार-बाराशे कॅलरींचा. म्हणजे निजून राहण्याइतकंही खायचं नाही आणि विरार लोकलमध्ये मात्र चढायचं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात तेव्हा चार्टवर विश्वास बसतो. त्या दोन किलोंत बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. चरबीनं अजून जागा सोडलेली नसते. पुढे वजन हलत नाही, केस गळतात, पाळी चुकते, चिडचिड वाढते, आणि दोष दिला जातो तो स्वतःच्या मनोनिग्रहाला.

मनोनिग्रहाची पुरेपूर परीक्षा १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झाली. युद्धात बंदूक धरायला नकार देणारे ३६ तरुण अन्सेल कीज यांच्या प्रयोगात आपणहून आले. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळाल्या: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. हा आकडा आपल्या बाईच्या चार्टपेक्षा मोठा आहे हे लक्षात ठेवा. पण हे होते धडधाकट पुरुष आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं सक्तीचं. वजन चौथा हिस्सा उतरलं. त्याबरोबर त्यांना भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, ताटल्या चाटायची सवय लागली, स्वयंपाकाची पुस्तकं जमवायचा नाद लागला. तत्त्वासाठी लोकांचा रोष पत्करलेल्या माणसांची ही गत. खाणं पुन्हा मोकळं झालं तेव्हा आधी चरबी भरून आली, स्नायू मागून आले, आणि काहींची चरबी मूळच्या पातळीपलीकडे गेली. त्या नोंदींचा नंतर पुन्हा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की गेलेले स्नायू परत येईपर्यंत ही खा-खा शमत नाही. यावर कुणी म्हणेल, ते मुळातच सडपातळ होते, जाड माणसाचं तसं होणार नाही. काही अंशी खरं आहे. जाड माणसाच्या घटीत चरबीचा वाटा जास्त असतो. पण वरून मध्यम आणि आतून चरबीचा असा जो आपला बांधा, त्यात स्नायूच मुळात कमी, हे याज्ञिकांच्या मोजमापानंतर विसरून चालणार नाही.

खरा आक्षेप याहून वजनदार आहे. २०१४ साली मेलबर्नमध्ये दोनशे जाड माणसांचे दोन गट केले. एकाला बारा आठवडे दिवसाला ४५० ते ८०० कॅलरी, दुसऱ्याला छत्तीस आठवडे सौम्य कपात. ठरवलेलं वजन गाठलं ते झटपटवाल्यांपैकी ८१ टक्के लोकांनी आणि सावकाशवाल्यांपैकी निम्म्यांनी. पुढच्या पावणेतीन वर्षांत दोन्ही गटांचं उतरलेलं वजन सुमारे सत्तर टक्के परत चढलं, दोघांचं सारखंच. 'सावकाश उतरवलेलं वजन टिकतं' हे सुभाषित इथे पार आडवं होतं. तशीच ब्रिटनमधली डायरेक्ट चाचणी: साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर तीन ते पाच महिने काढलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षाअखेर मागे हटलेला होता. हे नाकारायचं कारण नाही. त्या रुग्णांना मोजून-मापून बनवलेली पूर्ण पोषणाची पेयं दिली होती, पाठीशी डॉक्टर आणि परिचारिका होत्या, औषधं बदलली जात होती. तो उपचार आहे आणि उपचार म्हणूनच घ्यावा. फार झपाट्यानं वजन उतरवलं की पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो, ही एवढी एक गोष्टसुद्धा तो घरच्या घरी न करायला पुरेशी आहे.

पण मेलबर्नच्या निकालाचा अर्थ लावायचा तर केविन हॉल यांच्या गणिताकडे जावं लागतं. हे तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक होते. त्यांनी २०११ साली दाखवलं की रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलरींचा फरक पडला तर वजनात शेवटी साधारण एका किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा वर्षभरात, जवळजवळ सगळा तीन वर्षांत. इथे 'कायमचा' या शब्दावर सारा भार आहे. वजन शेवटी कुठे थांबणार हे ठरतं तुम्ही पुढची वर्षं काय खाणार यावर. मधल्या तीन महिन्यांत काय खाल्लं त्याला फारशी किंमत नाही. आठशे कॅलरींवर तीन महिने काढून परत अठराशेवर आलात, तर शरीर अठराशेच्या वजनावर परत येणार. मेलबर्नच्या दोन्ही गटांचं तेच झालं. एक जण फास्टनं गेला, दुसरा स्लोनं, उतरले दोघं एकाच फलाटावर. सावकाशपणात काही जादू नाही. टिकणारी कपातच कामाची, आणि माणसाला जन्मभर टिकवता येते ती फक्त लहान कपात. उलट फार खोल कपातीचा परिणाम दीर्घकाळ राहतो. 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना हॉल यांनीच सहा वर्षांनी तपासलं. वजन बहुतेकांचं परत चढलेलं, आणि तरी शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरींनी कमीच.

आपल्या बाईला ६६ वरून ५६ ला यायचंय तर हॉल यांच्या हिशेबानं रोज २४० कॅलरी पुरतात. त्या आणायच्या कुठून? चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागतं असं धरू. ते अडीच लिटरवर आणलं तर माणशी रोज शंभरएक कॅलरी गेल्या. तळण आठवड्यातून एकदाच आणि फोडणी डब्यातून थेट न ओतता चमच्यानं, एवढ्यात हे होतं. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमचा एक केला की ऐंशी गेल्या. स्टेशनबाहेरचा वडापाव आठवड्यातून चारदाऐवजी दोनदा खाल्ला की रोजच्या सरासरीत आणखी ऐंशी-पंच्याऐंशी. झाल्या अडीचशे, आणि भाताला हातही लावलेला नाही. महिनाअखेरीला जेमतेम किलोभर उतरेल, नंतर त्याहूनही कमी. लग्नसराईच्या तोंडावर बारीक व्हायचं असेल त्याला या हिशेबाचा उपयोग नाही, हे कबूल.

इथे कुणीतरी विचारणारच: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत महाराष्ट्राला दोन वेळा जेवायला सांगितलं, ऋजुता दिवेकरांनी थोड्या थोड्या वेळानं खायला आणि घरच्या तुपाची लाज न बाळगायला. लोकलच्या डब्यात यावर भांडणं झाली, घराघरांत दोन पक्ष पडले. मला या वादात फार दम वाटला नाही. दोघांच्याही सांगण्यात अर्धपोटी राहा असं कुठे नाही, आणि दोघांमुळेही अरबट-चरबट खाणं सुटतं. सकाळी नऊला आणि रात्री नऊला जेवणं ज्याच्या नोकरीत बसतं त्यानं तसं करावं. विरारच्या परतीच्या गर्दीत सात वाजता ज्याला घेरी येते त्यानं पिशवीत फुटाणे आणि केळं ठेवावं; केळ्यांच्या वसईत राहून केळ्याला घाबरणं शोभत नाही. उपवासाचं मात्र वेगळं. आपली परंपराच उपाशी राहायची आहे असा दाखला देणाऱ्यांना आपल्याच भाषेनं उत्तर देऊन ठेवलंय: एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट आणि वर तळलेल्या पापड्या. कीज यांनी सहा महिने लावून जे सिद्ध केलं ते आपल्या आज्यांना पंधरवड्यातून एकदा दिसत होतं.

कमी खाताना ताटातून काय जाऊ द्यायचं नाही, हा प्रश्न त्या मानानं कुणी विचारत नाही. स्नायू राखायचे तर प्रथिनं हवीत आणि स्नायूंना काम हवं. वालाचं बिरडं, अंडी, ताक, अर्नाळ्याहून आलेले बोंबील किंवा घरातली सुकट, यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत असलं की भूकही आवरते. डाएट म्हणून नुसती काकडी-टोमॅटोची कोशिंबीर खाऊन झोपणारी बाई नेमकं हेच टाकून देते. कामासाठी जिम लागतेच असं नाही. रिक्षा सोडून मनवेलपाडा रोडनं स्टेशनपर्यंत चालावं, आठवड्यातून एकदा जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढाव्यात. पायऱ्या हजारावर आहेत, मांड्यांना पुरून उरतात.

२०२५ पासून वजनाची नवी इंजेक्शनं भारतात मिळू लागली आहेत. ज्यांना जाडीमुळे आजार जडलेत त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण त्यांतलं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीत दिसलंय, म्हणजे कायमचा फरक हा नियम तिथेही सुटलेला नाही. फक्त ताटाऐवजी सुईनं तो पाळावा लागतो.

साठीनंतर काट्याचा अर्थ आणखी एकदा बदलतो, आणि तिकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. या वयात स्नायू आपोआपच झिजत असतात; त्यात जेवण तोडलं तर गेलेल्या प्रत्येक किलोत स्नायूंचा वाटा मोठा, आणि पुढे न्हाणीघरात पाय घसरला की त्याची किंमत कळते. गुडघ्यांसाठी चार-पाच किलो उतरवायचे असले तरी या वयात डाळ आणि मासे वाढवून भात थोडा कमी करावा, जेवण चुकवू नये. आणि काहीच न करता वजन उतरू लागलं, विजार कमरेतून सैल पडू लागली, तर 'छान बारीक झालात' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचे आभार मानून त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावं: रक्तातली साखर, थायरॉइड, आणि खोकला असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी.