मर्मर

माणसाच्या छातीला कान लावला, तर आतून दोनच शब्द ऐकू येतात. एक काहीसा लांबट, दुसरा तुटक. डॉक्टर त्यांना 'लब' आणि 'डब' म्हणतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ही जोडी उच्चारली जाते आणि आपले तिकडे लक्षही नसते. लक्ष जाते ते डॉक्टर छातीवरच्या एकाच जागी नेहमीपेक्षा अंमळ अधिक वेळ थांबतात आणि म्हणतात, "मर्मर आहे," तेव्हा.

शब्द मोठा गोड आहे. पानांच्या सळसळीला संस्कृतात मर्मर म्हणतात. लॅटिनमधून इंग्रजीत गेलेला डॉक्टरांचा शब्दही तसाच ध्वनीवरून घडलेला. आमच्या घराघरांतून मात्र त्याचा एकच अर्थ लावला जातो : हृदयाला भोक आहे. वस्तुतः मर्मर हा आजार नव्हे, तो आवाज आहे. वाडीतल्या पाटाचे पाणी सरळ वाहते तेव्हा मुके असते. पाट कोठे अरुंद झाला, बांध झिरपू लागला किंवा पाणीच जोराने सोडले, की ते खळखळते. हृदयातही तसेच. तेथील चार झडपांपैकी दोन मिटतात तो लब, उरलेल्या दोन मिटतात तो डब. एखादी झडप आखडली, नीट मिटेनाशी झाली किंवा कप्प्यांमधील पडद्याला छिद्र राहिले, तर रक्त खळखळते. पण ताप आला, अंगात रक्त कमी झाले, बाई गरोदर राहिली, तर निरोगी झडपांमधूनही ते वेगाने धावते आणि आवाज करते.

हे सारे ऐकण्याची नळी पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात जन्मली. १८१६ साली लेनेक या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुण, स्थूल स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि ठोके पूर्वी कधी नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले. गंमत अशी, की दुसरा ठोका हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असे खुद्द लेनेक समजत. आवाज झडपांचा, हे रुआने यांनी १८३२ मध्ये मांडले.

आमचा एक भाचा सात वर्षांचा असताना शाळेच्या तपासणीत त्याला मर्मर सांगितली गेली. त्याच संध्याकाळी त्याचा फुटबॉल कपाटावर गेला. आजीने नोव्हेना आरंभिली; जिना चढताना कोणीतरी त्याला उचलून घेऊ लागले. चार महिन्यांनी बालरोगतज्ज्ञांनी त्याला निजवून ऐकले, उभे करून ऐकले. उभा राहताच आवाज मंदावला. इकोतही काही निघाले नाही. अशी निरुपद्रवी मर्मर कितीतरी निरोगी मुलांत असते. स्टिल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९०९ साली तिचे वर्णन करून ठेवले आहे. तिला औषध नाही, पथ्य नाही. परंतु चार महिन्यांत पोर धावायला भ्याले होते. ती भीती जायला वर्ष लागले.

म्हणून प्रत्येक मर्मर हसण्यावारी न्यावी असे नव्हे. तान्हे मूल दूध पिताना घामाघूम होते, धापा टाकते, त्याचे ओठ निळसर दिसतात, वजन वाढत नाही. मोठ्या माणसाला श्रमाने भोवळ येते. अशा वेळी इको लांबणीवर टाकू नये. डबनंतरच्या शांततेत ऐकू येणारी मर्मर तर जवळजवळ नेहमीच तपासावी लागते. लब-डबपाठोपाठ कधी तिसराही ठोका येतो. तरुणपणी तो बहुधा स्वाभाविक. उतारवयात तोच हृदय थकल्याची खूण असू शकतो.

आमच्या नात्यातील एका मुलीला लहानपणी घसा सुजून ताप आला, मग सांधे धरले. हा संधिवाताचा ताप सांध्यांतून निघून जातो, झडपेवर मात्र वण ठेवू शकतो. तिची झडप आखडली. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले. ताप उलटू नये, एवढ्यासाठीच ते असते. पण लग्न ठरताच माहेरच्यांनी ते बंद केले. वरपक्षाला कळले तर मोडेल, ही धास्ती. मुलीच्या बाबतीतच आपण हे लपवतो, मुलाच्या बाबतीत क्वचितच. आम्हाला याची चीड येते. गरोदरपणी अंगातील रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते, आणि ते सगळे त्या चिंचोळ्या वाटेने जायचे. सहाव्या महिन्यात तिला रात्री आडवे होता येईना. उशांना टेकून बसल्या बसल्या ती पहाट करी. अखेर जांघेतील शिरेतून फुगा हृदयापर्यंत नेऊन डॉक्टरांनी झडप रुंदावली. बाळंतपण सुखरूप झाले.

इंजेक्शने पुन्हा सुरू आहेत. तिच्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर, सणांच्या तांबड्या तारखांमध्ये, दर एकविसाव्या दिवसाला निळे वर्तुळ असते. ते तिची सासू काढते.