पांढऱ्या फुलांचा सुगंध कुणाला शोभतो?

अत्तरे आणि परफ्यूम विकणारे लोक अलीकडे सुगंधाबरोबर स्वभावही विकू लागले आहेत. गुलाबाचा वास प्रेमळ बाईला, चंदनाचा गंभीर बाईला, लिंबा-संत्र्याचा खेळकर मुलीला, अशी वाटणीच त्यांनी करून टाकली आहे. आणि मोगरा, चमेली, निशिगंध या पांढऱ्या फुलांचा वास? तो म्हणे शालीन, सोज्वळ आणि कुलीन स्त्रीला शोभतो! शालीन ठीक आहे, सोज्वळही ठीक आहे. पण 'कुलीन' या शब्दापाशी माझ्यासारखी बाई थांबते. कूळ पाहून सुगंध वाटायचा असेल, तर आपल्या वाट्याला कोणता येणार?

हा प्रश्न मला पडतो तो माझ्या आईमुळे. आई नगरपालिकेच्या सफाई खात्यात कामाला होती. पहाटे हजेरी, मुकादमाची हाक, हातात खराटा आणि पुढे कचऱ्याची गाडी. दुपारी घरी आली की ती आधी मोरीत जायची, साबणाने अंग खसाखसा घासायची, धुतलेले पातळ नेसायची. मग फळीवरच्या डब्यातून मोगऱ्याच्या अत्तराची करंगळीएवढी कुपी काढायची. बुचाचे टोक एकदा मनगटाला, एकदा कानामागे. बस्स, एवढेच. ती कुपी तिला कितीतरी महिने पुरायची.

चाळीतल्या एका बाईला हे खुपायचे. "झाडूवालीला अत्तर कशाला?" असे ती एकदा नळावर सर्वांदेखत म्हणाली. आईने हंडा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "सकाळचा त्यो वास कामाचा हाय, माझा न्हाय. माझा ह्यो." शाळेची पायरीही न चढलेल्या माझ्या आईने काम आणि माणूस यांतला फरक एका वाक्यात सांगितला.

पुढे मी शिकले, एका कचेरीत नोकरीला लागले. आईची सवय मलाही होती. तिथेही एकीने हसत हसत विचारलेच, "अय्या, तुमच्यातही हे सगळं लावतात?" त्यातला 'तुमच्यातही' हा शब्द पाहा! नळावरची बाई उघड बोलली, कचेरीतली हसून बोलली. प्रश्न मात्र एकच होता.

म्हणूनच ही पांढरी फुले आहेत तरी कशी, हे नीट पाहायला हवे. मोगरा, चमेली, निशिगंध यांचा सुगंध संध्याकाळी आणि रात्री भरास येतो. अंधारात रंगाचा उपयोग नसतो. या फुलांना हवे असतात रात्री हिंडणारे पतंग, आणि त्यांना बोलावण्यासाठी ही फुले पांढरेपणावर आणि वासावर भिस्त ठेवतात. मोगऱ्याची कळी खुडल्यावरही उमलत राहते आणि वास देत राहते. दुपारी ओवलेला गजरा रात्री अधिक घमघमतो तो यामुळेच. कनोजचे कारागीर तांब्याच्या मोठ्या डेगेत फुले आणि पाणी घालून ती चुलीवर चढवतात आणि निघालेली वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. फ्रान्समधल्या ग्रास गावी पूर्वी काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर चमेलीची फुले अंथरत आणि ती शिळी झाली की पुन्हा ताजी अंथरत. आज रसायनाच्या मदतीने अर्क काढतात, तरीही किलोभर शुद्ध अर्कासाठी चमेलीची सहाशे-सातशे किलो फुले लागतात. ती हातानेच खुडावी लागतात. तमिळनाडूत पहाटेच्या अंधारात मळ्यांत वाकून फुले खुडणाऱ्या मजूर बाया आहेत. कुणा 'कुलीन' स्त्रीच्या मनगटावर जो सुगंध पोहोचतो, त्याला पहिला हात लागतो तो मजुराचा!

निशिगंधाची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. ही गुलछडी मुळातली मेक्सिको देशाची. युरोपियनांच्या मार्फत ती इकडे आली आणि आज लग्नाच्या मांडवात, हारांत, देव्हाऱ्यात सगळीकडे मानाने बसली आहे. सातासमुद्रापलीकडून आलेल्या या फुलाला कुणी गोत्र विचारले नाही. याच मातीत जन्मलेल्या, इथलीच घाण उचलणाऱ्या माणसाला मात्र पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवले.

आता खरी मेख पुढे आहे. या पांढऱ्या फुलांच्या सुगंधात इंडोल नावाचे एक द्रव्य असते. ते एकटे आणि जास्त प्रमाणात असले तर त्याचा वास कुबट, नकोसा, डांबरगोळीसारखा येतो. हेच इंडोल माणसाच्या विष्ठेतही असते. मात्र इतर सुगंधी द्रव्यांच्या सोबतीने ते अगदी थोडे असले की मोगऱ्याला त्याचा भरगच्च, जिवंत वास येतो. इंडोल पूर्णपणे काढून टाकले तर वास फिका आणि साबणासारखा होतो, हे अत्तर जुळवणारे जाणकार ओळखून असतात.

भगिनींनो, याचा अर्थ काय होतो? ज्याला पवित्र म्हणून डोक्यात माळायचे आणि ज्याला अपवित्र म्हणून दूर सारायचे, त्या दोन्हींत निसर्गाने एकच द्रव्य घातले आहे. शुद्ध-अशुद्धतेची भिंत माणसाने उभारली, फुलाने नाही. माझी आई सकाळी जे उचलत होती आणि दुपारी जे मनगटाला लावत होती, त्यांचे नाते रसायनशास्त्राने कधीच मान्य केले आहे. मान्य करायचे राहिले आहे ते समाजाने.

आणि 'पांढरे फूल म्हणजे लाजरी, मूक बाई' ही समजूतही खरी नाही. निशिगंधाचे जगप्रसिद्ध परफ्यूम १९४८ साली पॅरिसमध्ये निघाले. ते तयार केले जर्मेन सेलिए या बाईने. त्या काळी हा सगळा धंदा पुरुषांच्या हातात होता. त्या परफ्यूमचे नाव होते 'फ्राका', म्हणजे गोंगाट, कल्लोळ! ज्या सुगंधाला आपल्याकडे 'सोज्वळ' म्हणून गप्प बसवतात, त्याला तिकडे एका बाईने असे ठणठणीत नाव मिळवून दिले.

कोणी काय ल्यावे, काय लावावे, हा प्रश्न आपल्या समाजासाठी कधीच केवळ हौसेचा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने सांगितले आहेत. माणूस दिसताच त्याची जात कळावी, हाच त्यामागचा हेतू. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना सांगितले, की लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची ओळख सांगणारे ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा. नेसण्यात बदल झाला तो त्या दिवसापासून, आणि तो बदल स्वाभिमानाचा होता. धुतलेल्या पातळावरचा मोगऱ्याचा एक थेंब मला त्याच वाटेवरचा वाटतो.

पांढऱ्या रंगाशी तर आपले वेगळेच नाते आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून दीक्षेला उभे राहिले. तेव्हापासून पांढरी साडी हे आपल्याकडे धम्माचे वस्त्र झाले. इतरत्र पांढऱ्या साडीवरून विधवा ओळखायची आणि तिला फूल आणि सुगंध वर्ज्य करायचा अशी रीत होती. माझे वडील गेल्यावर आईनेही कुपी बाजूला ठेवावी, असे एक-दोघींनी सुचवले. आईने ऐकले नाही. त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून, नेहमीसारखा एक थेंब लावून विहारात आली. भन्तेजींनी तिला काही विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

इथे कुणी म्हणेल, की धम्मात सुगंध वर्ज्य आहे ना? याचे उत्तर स्पष्ट आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्यांसाठी सातव्या शीलात माळा, गंध, विलेपन यांचा त्याग सांगितला आहे. तो त्या दिवसाचा संयम आहे. रोजच्या पंचशीलात अशी बंदी नाही. आईसुद्धा अष्टशीलाच्या दिवशी कुपीला हात लावत नसे. स्वतःच्या मनाने सोडणे आणि दुसऱ्याने सोडायला लावणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता थोडे व्यवहाराचे. पांढऱ्या फुलांचा वास भारी असतो. उकाड्यात आणि बंद खोलीत तो डोक्यात चढतो. म्हणून तो थेंबानेच लावावा, अंगावर फवारे मारू नयेत. दुकानात हुंगून लगेच विकत घेऊ नये. मनगटाला लावून अर्धा तास फिरून यावे. पहिला भपका उडाला की जो वास उरतो तोच दिवसभर सोबत राहणार असतो. दवाखान्यात काम करणाऱ्या नर्सभगिनींनी, दम्याचा रुग्ण घरात असणाऱ्यांनी तो टाळावा. विहारात ध्यानाला बसतानाही शेजारणीचे लक्ष आपल्या वासाकडे जाऊ नये. किमतीवर जाऊ नये. महागडी बाटली नसली तरी चालते, अंग आणि कपडे मात्र स्वच्छ हवेत.

मग हा सुगंध शोभतो तरी कुणाला? नोकरीच्या मुलाखतीला प्रथमच निघालेल्या मुलीला शोभतो. पाळी संपवून घरी आलेल्या सफाई कामगार भगिनीला शोभतो. नातवाला शाळेत सोडायला जाणाऱ्या, पिकल्या केसांच्या आजीला शोभतो. जी स्वतःला कमी लेखत नाही आणि दुसऱ्यालाही कमी लेखत नाही, तिच्या अंगावर तो खुलतो. त्याला कुळाची अट नाही.

राजगृह नगरातला सुनीत आठवा. लोकांनी टाकलेली घाण उचलून तो पोट भरत होता. थेरगाथेत त्याने स्वतःच आपले काम सांगितले आहे, कोमेजलेली फुले उचलून टाकण्याचे. दुसऱ्यांच्या पूजेची, दुसऱ्यांच्या शृंगाराची शिळी फुले! तथागतांनी त्या माणसाला वाटेवर पाहिले, जवळ बोलावले आणि संघात घेतले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सुनीताची ही कथा आवर्जून सांगितली आहे. वाऱ्याच्या उलट दिशेने जाणारा सुगंध कोणता, असे आनंदाने तथागतांना विचारले होते. तेव्हा कोणत्याही फुलाचा सुगंध तसा जात नाही, असे त्यांनी सांगितले. शीलवान स्त्री-पुरुषांकडे बोट दाखवले.

तेव्हा भगिनींनो, मोगरा आवडत असेल तर जरूर लावा, कुणाची परवानगी मागू नका. आणि आपल्या मुलींना दोन गोष्टी सांगा. कुपीतला सुगंध वारा नेईल तिकडे जातो, आचरणाचा सुगंध वाऱ्याला जुमानत नाही. आणि या दोन्ही सुगंधांवर त्यांचा पुरेपूर हक्क आहे.

जयभीम!