अर्धी सांगितलेली गोष्ट

रोमचा इतिहास शिकविण्यात माझ्या आयुष्याची सत्तावीस वर्षे गेली. एवढ्या काळात काही प्रसंग असे जिभेवर बसतात की, ते सांगताना मनुष्य विचार करण्याचे सोडून देतो. मेनेनियस अग्रिप्पाची गोष्ट ही माझ्या बाबतीत त्यांपैकीच एक. बहुतेक वाचकांस ती ठाऊक असेल. तरी पुढील मजकुरासाठी ती थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

इ. स. पू. ४९४ मध्ये रोममधील सामान्य जन, म्हणजे प्लेबियन, नगर सोडून तीन मैलांवरील ‘पवित्र पर्वत’ नावाच्या टेकडीवर जाऊन बसले. त्यांनी कोणास मारले नाही, काही जाळले नाही. ते केवळ निघून गेले. शत्रू चालून आला तर लढणार कोण, या धास्तीने सेनेटने मेनेनियसला त्यांच्याकडे पाठविले. तो म्हणाला, एकदा शरीराचे सर्व अवयव पोटावर रुसले. आम्ही राबावे आणि याने बसून खावे, हा कोठला न्याय? म्हणून हातांनी घास उचलला नाही, दातांनी चावला नाही. परिणाम असा की, पोटाबरोबर सारे अवयवही क्षीण झाले. पोट खाते ते सर्वांना रक्त पुरविण्यासाठीच, हे त्यांना तेव्हा उमगले. लोकांची मने वळली, आणि ते परतले. दरवर्षी मी ही गोष्ट रंगवून सांगे आणि सलोख्याचा महिमा गाऊन तासाचा समारोप करी.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील शिपायांनी काम बंद केले. पगार वेळेवर मिळत नसे, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास कोणास सवड नसे. ‘तुमचा शब्द ते मानतील,’ असे म्हणून चालकांनी मला त्यांच्याकडे धाडले. त्या विश्वासाने मी सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. फाटकाजवळच्या पारावर ते बसले होते. मी त्यांच्यात जाऊन बसलो आणि मेनेनियसचीच गोष्ट सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली. त्यांच्यातील सर्वांत वृद्ध गृहस्थांस आम्ही सारे ‘मामा’ म्हणत असू. ते म्हणाले, “गोष्ट बरी आहे, सर. पण मग त्या लोकांना मिळालं काय?”

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. चौथ्या दिवशी ते कामावर आले. ‘लवकरच विचार करू’ हे आश्वासन तेवढे त्यांच्या पदरात पडले होते.

त्या रात्री मी लिव्हीचा ग्रंथ पुन्हा उघडला. मामांच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच, गोष्टीच्या लगतच्या वाक्यांत होते. लोक गोष्ट ऐकून तसेच उठून गेले नव्हते. गोष्टीनंतर बोलणी झाली, आणि प्लेबियनांना त्यांचे स्वतःचे अधिकारी, ट्रिब्यून, मिळाले. हे पद कोणाही पॅट्रिशियनास घेता येत नसे. ट्रिब्यूनच्या अंगास हात लावणे हा देवाधर्माचा अपराध ठरे. सामान्य माणसावर जुलूम होत असेल तर त्याने मध्ये पडावे. पुढे तर एकट्या ट्रिब्यूनच्या नकाराने राज्याचा कारभार थांबू लागला. त्याच्या घराचे दार रात्रीही बंद होत नसे. हे सारे मला ठाऊक होते, परीक्षेत मी त्यावर प्रश्नही विचारीत असे. पण गोष्टीशी ते कधी जोडले नव्हते. जी गोष्ट मी पोटाच्या बाजूने सांगत आलो, तिचा उत्तरार्ध अवयवांचा होता.

लोक उठून का गेले, हेही मी घाईने उरकीत असे. लिव्हीने एका वृद्ध सैनिकाचे चित्र काढले आहे. तो लढाईवर असताना त्याचे शेत जळाले, गुरे गेली, कर भरण्यासाठी त्याने कर्ज काढले, आणि शेवटी तो सावकाराच्या कोठडीत पडला. चौकात येऊन त्याने छातीवरचे लढाईतील व्रण दाखविले आणि पाठीवरचे ताजे वळही दाखविले. लिव्ही या घटनांनंतर साडेचार शतकांनी लिहीत होता, तेव्हा तपशील शब्दशः धरण्याचे कारण नाही. परंतु कर्जापायी देह गहाण पडण्याची चाल खरी होती, आणि ती इ. स. पू. ३२६ मध्ये कायद्याने बंद करावी लागली. इ. स. पू. ३६७ मध्ये दोन कॉन्सलांपैकी एक पद प्लेबियनांस खुले झाले, इ. स. पू. २८७ मध्ये त्यांच्या सभेचे ठराव साऱ्या रोमवर बंधनकारक ठरले, तेही ते पुन्हा एकदा नगर सोडून गेल्यावर. दोनशे सात वर्षांची ही वाटचाल केवळ गोष्टीने झाली नाही.

आणि करार मोडला तेव्हा काय झाले? इ. स. पू. १३३ मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकसने सार्वजनिक जमिनीच्या धारणेवर ५०० युगेरांची मर्यादा घालून उरलेली जमीन भूमिहीनांस देण्याचा कायदा केला. तो करताना आपल्या विरोधी सहकाऱ्याला पदच्युत करून त्यानेही रूढी मोडली, हे खरे. पण सेनेटरांनी त्याला दंडुक्यांनी ठार मारले आणि प्रेत टायबर नदीत फेकले. ज्याच्या अंगास हात लावायचा नाही, त्याचा हा शेवट! त्याचा भाऊ गायस इ. स. पू. १२१ मध्ये तसाच गेला. त्याचे तीन हजार अनुयायी मारले गेले, असे प्लूटार्क सांगतो. हे कांड करणाऱ्या कॉन्सलाने त्यानंतर एक देऊळ उभारले. ते कोणत्या देवतेचे? कॉन्कॉर्डियाचे, म्हणजे सलोख्याचे! मेनेनियसची गोष्टही सलोख्याचीच होती. एका सलोख्यामागे ट्रिब्यूनपद होते, दुसऱ्यामागे प्रेते. पुढील शंभर वर्षांत रोमचे प्रजासत्ताक यादवीत लयास गेले.

हे ज्ञान मला त्या रात्री झाले. परंतु दुसऱ्या दिवशी चालकांकडे जाऊन ‘यांचा एक माणूस तुमच्या सभेत बसू द्या’ एवढे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. आश्वासन दोन वर्षे तसेच पडून राहिले. माझी गोष्ट मात्र यशस्वी झाली, असे चालक अजून म्हणतात.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना हार घातला. उत्तर द्यावयाचे राहूनच गेले. आता वर्गात ही गोष्ट सांगताना मी पोटापाशी थांबत नाही. मुले लिहून घेतात. आणि माझी नजर उगीचच खिडकीबाहेर, फाटकाजवळच्या त्या पाराकडे जाते.