ज्वालामुखीच्या डोंगरावर स्ट्रॉबेरीचा भाव

ज्वालामुखीची करामत पाहायला आम्हा रत्नागिरीकरांना परदेशी जावे लागत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा थरावर थर साचून थिजला, त्यातूनच आपला सह्याद्री घडला. गेल्या डिसेंबरात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो. आर्थर सीटवरून कड्यांतले ते थर मुलांना मोजायला लावले. सुब्हानल्लाह!

परतताना रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी घ्यायला थांबलो. विक्रेत्या बाईंनी भाव सांगितला, आम्ही कमी करायला सांगितले, त्यांनी दहा रुपये सोडले. धाकटा म्हणाला, “अब्बू, अजून कमी करा ना!” त्यावर थोरली म्हणाली, “मामूंच्या हापूसच्या पेटीचा भाव मुंबईचे पाहुणे पाडतात, तेव्हा मामूंचा चेहरा पाहिलास का?” धाकटा गप्प झाला. आम्ही पैसे दिले.

भाव करणे गैर नाही. पण खरेदी-विक्रीत नरमाईने वागणाऱ्यासाठी प्यारे नबी (स.) यांनी रहमतीची दुआ केली आहे. सहलीत हजारो रुपये खर्चणाऱ्याने उन्हात बसलेल्या माणसाच्या दहा रुपयांवर किती अडून बसावे, हे घरातून निघतानाच ठरवावे. मुले कड्यांचे थर विसरतील. आईबाप कसे वागले, ते विसरणार नाहीत.